पाटी पाण्यापासून दहा पावलांवर

माझा धाकटा भाऊ शहराच्या खाऱ्या तळ्याचा राखणदार आहे. समुद्र आणि हे तळे यांच्यामध्ये वाळूचा लांब बांध असून त्याच्या अरुंद तोंडातून भरतीचे पाणी आत येते. तळ्यात कोणी कचरा टाकू नये म्हणून त्याची नेमणूक झाली, त्यास आता चोवीस वर्षे झाली. या काळात एकाही माणसाने नियम मोडला नाही, आणि तरीही तळे जवळजवळ संपूर्ण कचऱ्याने भरले. हे कसे घडले ते मी क्रमाने सांगते.

नेमणुकीच्या दिवशी त्यास एक शिट्टी, एक छत्री आणि एक लोखंडी पाटी मिळाली. पाटीवर लिहिले होते, ‘या पाटीच्या पुढे कचरा टाकू नये.’ सोबतच्या कागदावर एकच नियम होता: पाटी पाण्यापासून दहा पावलांवर असावी. त्यास राहण्यासाठी काठावर एक खोली देण्यात आली. तिच्या दारातून तेव्हा पाणी दिसत असे.

शहराचे कचऱ्याचे ट्रक येत आणि पाटीच्या मागे कचरा टाकीत. ढीग वाढला की तो आपल्या वजनाने पुढे घसरे, पाटीच्या गळ्यापर्यंत येई आणि पाण्याला पुढे ढकली. मग पाटी पाण्यापासून वीस पावलांवर पडे. माझा भाऊ नियमाचा पक्का. तो पाटी उपटून खांद्यावर घेई, पाण्यापासून दहा पावले मोजे आणि तेथे पुन्हा रोवी. ट्रकवाले नव्या जागेपर्यंत येत. असे चोवीस वर्षे चालले. आता खोलीतून निघून त्याचा डबा पाटीपर्यंत पोहोचवायला मला अर्धा तास लागतो, आणि वाटेत पूर्वी जेथे होड्या चालत तेथे फुटक्या गाद्या आहेत.

समोरच्या काठावर शेजारच्या नगरपालिकेचा राखणदार आहे. त्याचीही तशीच पाटी आहे व तीही तशीच चालत आली आहे. आम्ही त्यांना ‘पलीकडचे’ म्हणतो. आरंभी त्यांची फक्त शिट्टी ऐकू येई. पुढे हाक ऐकू येऊ लागली. शेवटी दोघे आपापल्या पाटीखाली बसून जेवताना सहज बोलू लागले.

“आज काय भाजी?” पलीकडचे विचारीत.

“कालचीच. तुमच्याकडे?”

“आमच्याकडे परवाची. तुम्ही सुखी आहात.”

काही महिन्यांपूर्वी कार्यालयातून पत्र आले. पाण्याची रुंदी वीस पावलांहून कमी होईल त्या दिवशी तळे संपले असे समजण्यात येईल, राखणदाराचे पद रद्द होईल आणि खोली रिकामी करावी लागेल. भावाने पाणी मोजले. दोरीच्या हिशेबाने ते तीस पावले भरले. दर महिन्याला सहा पावले कमी होत होती, आणि त्याच्या निवृत्तीला तीन वर्षे होती. म्हातारपणी बायकोला घेऊन जावयाच्या दारात उभे राहायचे, या विचाराने त्यास अन्न गोड लागेना.

त्याने ट्रकवाल्यांतील वडीलधाऱ्यास विनंती केली. तो म्हणाला, “काका, पाटीच्या पुढं आम्ही एक पिशवी टाकली असेल तर दाखवा. आत्ता उचलतो.” दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

हे त्याने घरी सांगितले तेव्हा माझी भावजय भाकरी थापत होती.

“अहो, ते पाटीच्या पुढं टाकत नाहीत, हे कबूल. पण पाटी पुढं कोण नेतं?”

“नियमाप्रमाणे नेतो.”

“मग नियमालाच सांगा आपल्यासाठी खोली बघायला. वन्सं, तुम्हीच समजवा यांना.”

मी समजावले नाही, कारण ते मलाही त्याच क्षणी कळले. चोवीस वर्षे तळे बुजवण्याचे काम त्यानेच खांद्यावरून केले होते. त्या दिवशी तो जेवणावरून उठला आणि कागद काढून मला पुन्हा वाचायला दिला. पाटी न्यावी असे त्यात कोठेही नव्हते. ती पाण्यापासून दहा पावलांवर असावी, एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी ढीग घसरला, पण त्याने पाटी हलवली नाही. फावडे आणि घमेले घेऊन त्याने पाटीपुढचा कचरा काढण्यास आरंभ केला. प्लास्टिक, चपला, एक अख्खी खुर्ची असे सारे पाटीच्या मागे टाकले. पाणी हळूहळू परत आले.

महिन्याच्या तपासणीस निरीक्षक आले. त्यांनी दहा पावले मोजली.

“पाटी हलवली नाहीत?”

“नाही साहेब. पाणी हलवलं.”

“आणि काढलेला कचरा?”

“पाटीच्या मागं. तिथं मनाई नाही.”

निरीक्षकांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि सही केली.

पुढच्या महिन्यात भावाकडून एक चूक झाली. भरात त्याने दोन पावले अधिक खणले. पाणी पाटीपासून आठच पावलांवर आले. नियम तो नियम. त्याने पाटी उपटली आणि दोन पावले मागे रोवली. पाटी मागे जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

सकाळी ट्रकवाले आले आणि ट्रक थांबवून खाली उतरले. दोन पावले भरून त्यांचा कचरा पाटीच्या पुढे पडला होता.

“काका, हे आमच्याकडून पुढं कसं गेलं?”

“मला काय ठाऊक. मी फक्त पाटी राखतो.”

“कार्यालयात कळवू नका. आमचं नाव आजवर कुठं आलेलं नाही.”

असे म्हणून त्यांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि दुपारपर्यंत सर्व कचरा उचलून ट्रकमध्ये भरला. घाईत त्यांनीही पाऊलभर कचरा जास्त उचलला, त्यामुळे पाटीस पुन्हा मागे जावे लागले.

“तुमच्याकडे चाललंय काय?” पलीकडच्यांनी ओरडून विचारले, कारण आता ओरडावे लागत होते.

“फावडं आहे का तुमच्याकडं?”

“आहे की.”

“मग एक पाऊल जास्त खणा. बाकी नियम बघून घेईल.”

काल भावाने पाणी मोजले. ते एकेचाळीस पावले आहे. कार्यालयाने खुलासा मागवला आहे की तळे कोणाच्या परवानगीने वाढले. भावजयीने तो कागद डब्याखाली ठेवला आहे आणि खोलीच्या भिंतीला नवा रंग देण्यास सुरुवात केली आहे.