धक्क्याचं वजन

बाळारामदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अंबरनाथच्या आमच्या गोदामात एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि त्याला म्हणालो, "तुझंच बरोबर." तो बिचारा गोंधळलाच... महिना होत आला. दादांविषयी लिहायचं, तर आधी माझी फजिती सांगायला हवी. आमची खरी ओळख तिथूनच झाली.

दादा बदलापूरजवळच्या गावचे, आमची फोर्कलिफ्ट चालवायचे. मी खरेदी विभागात नवाकोरा, टाय लावणारा. मालधक्का आणि ट्रक यांच्यामधल्या फटीवर टाकायची लोखंडी प्लेट मागवायचं काम माझ्याकडे आलं. एका खेपेला माल किती, विचारलं, दोन टन. मी उदार मनाने तीन टनांची प्लेट मागवली आणि स्वतःवर इतका खूश झालो, की घरी जाताना मिठाई नेली.

नव्या प्लेटच्या पूजेच्या दिवशी उल्हासनगर कॅम्प तीनहून आमचे सिंधी शेठ आले. नारळ फुटला. दादांनी माल उचलून गाडी प्लेटपर्यंत आणली, तिच्या कडेची 'तीन टन' ही पाटी वाचली, माल खाली टेकवला आणि उतरले. किल्ली खिशात.

"सायेब," मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माल काय पायी जानार हाय?"

मला कळेना.

"गाडीचं वजन धरलंत का? रिकामीच साडेतीन टन हाय. वर मी. आनि धक्क्यावरचा धक्का?"

म्हणजे चाकं प्लेटवर चढताना बसणारा हिसका. तो सोडला तरी साडेपाच टन झाले होते. आणि ज्या माणसाला मी त्यावरून जायला सांगत होतो, तो माझ्या हिशेबात नव्हताच...

"क्या हुआ साईं? गाडी का थांबली?" शेठ ओरडले. माझी नोकरी अजून कच्ची, घरी तान्हं मूल. दादाच बोलले, "सायबांनी थांबवलीय शेठ. प्लेट कमी ताकदीची आलीय, म्हनतात."

शेठनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

दहा टनांची प्लेट आली. पहिल्या खेपेला दादांनी मला धक्क्यावर प्लेटच्या शेजारी उभं केलं. हादरा तळव्यांतून दाढांपर्यंत पोचला. "आता इसरनार नाय तुमी," एवढंच म्हणाले. पुढे कित्येक वर्षं मी वजनातला जाणकार म्हणून मिरवलो. दादांनी चहाच्या टपरीवर थट्टेतसुद्धा तो विषय काढला नाही. ते अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. शेठना खरं सांगतो, असं म्हणणार होतो. बोललो मात्र भाताच्या पिकाविषयी...

परवा शेठनी बदलापूरच्या नव्या गोदामाची प्लेट ठरवायला वरच्या ऑफिसात बोलावलं. "जाणकार तुम्हीच." तेव्हा सांगून टाकलं, ती अक्कल बाळारामदादांची होती. शेठ म्हणाले, "वो जिंदा था, तब बोलना था ना, साईं."

खाली आलो. दादांची गाडी कोपऱ्यात उभी आहे. नवा माणूस अजून यायचाय. चढून बसलो. दादा बुटके, सीट पार पुढे ओढलेली, माझे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. सीट मागे सरकवायचा दांडा हाताशीच होता. तो तसाच ठेवून मी अवघडून बसून राहिलो.