चांगल्या गुडघ्याची पट्टी

वकिलाच्या हातात चहा दिला की तो आधी समोरच्याच्या कपाकडे बघायचा आणि हसत हसत दोन्ही कपांची अदलाबदल करायचा. मग समोर पाव्हणा असो, मामा असो, की मी, त्याची सख्खी धाकटी बहीण. "चहा मी केला भाऊ, विष नाही टाकलं त्यात!" असं मी चिडून म्हटलं, की म्हणायचा, "मंग पी ना हा. भेते काहून?" कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण उलटतपासणी घेतल्याशिवाय कुणाचा शब्द गिळायचा नाही, म्हणून नागपुरातलं आमचं अख्खं लकडगंज त्याला वकील म्हणायचं.

पोट मात्र त्याचं फुटबॉलवर. त्या काळी गिरण्या चांगल्या खेळाडूंना नोकरीवर ठेवत. वकील एका गिरणीच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. सकाळी हजेरी लावायची आणि मैदानावर जायचं, एवढंच त्याचं काम. तिथं त्याचा संशय कामाला यायचा. गोलकीपरनं चेंडू छातीशी धरला, तरी हा विश्वास न ठेवता पळत जायचा. बहुतेक वेळा फुकटची पायपीट व्हायची. पण एखाद्या वेळी चेंडू हातून निसटायचा आणि वकील तिथं हजर! "बॉल आन् मानूस," तो म्हणायचा, "दोघायचाही भरोसा नाही."

त्याची खरी करामत उजव्या गुडघ्यावरच्या पट्टीची. आईच्या जुन्या लुगड्याची ती पट्टी सामन्याआधी मी बांधून द्यायची. गुडघे दोन्ही ठणठणीत! पण हा लंगडत मैदानात उतरायचा. बाहेरगावच्या टीमला वाटायचं, हा काय पळणार, आणि ते त्याला सैल सोडायचे. चेंडू आला रे आला, की लंगडा जो सुटायचा तो थेट गोलपाशी. गोल झाला की पुन्हा कळवळून लंगडणं सुरू. लोक हळहळत, "बिचारा दुखऱ्या पायानं खेळतो!" मी ओठ घट्ट मिटून बसायची, कारण मला शपथ होती. "भिंतीलेही कान असतात वं बेबी," तो म्हणायचा.

वेड त्याला एकच होतं, कलकत्त्याचं. तिथल्या मोठ्या क्लबातून खेळायचं. रेडिओवर तिथल्या सामन्याची कॉमेंट्री लागली की घरात कुणाला खोकायचीसुद्धा सोय नसायची.

एका वर्षी जबलपूरच्या टीमशी फायनल होती. आदल्या संध्याकाळी धोतर नेसलेले एक बंगाली बाबू दारात उभे. कलकत्त्याच्या क्लबासाठी खेळाडू बघत फिरतोय, तुमची सेमीफायनल पाहिली, म्हणाले. आईनं देवापुढं साखर ठेवली. वकिलानं कप बदलले. बाबूंनी ते पाहिलं आणि बदललेला चहा प्यायले. मग म्हणाले, "खेल बहुत अच्छा है. बस, एक बात सच बोलो. यह पट्टी असली है, या नाटक?"

झालं! फायनलच्या आदल्या दिवशी आणि नेमका पट्टीचा प्रश्न? हा जबलपूरवाल्यांनी सोडलेला हेर, असं वकिलानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. गावोगाव फिरणाऱ्या बाबूंच्या हातातली छत्री इतकी कोरी करकरीत कशी, म्हणून मलाही तसंच वाटलं. "असली है साहब. बहुत दर्द है," वकील कण्हला. बाबूंचा चेहरा उतरला. "पहले इलाज करो बेटा," एवढंच म्हणून ते उठले. वकील त्यांना पार चौकापर्यंत लंगडत पोचवायला गेला, मी मागोमाग. रिक्षा निघाली तसा मान न वळवता पुटपुटला, "पाहून राहिला का वं?"

"गेला," मी म्हटलं. पठ्ठ्यानं भर रस्त्यात उडी मारली.

दुसऱ्या दिवशी फायनल त्यानंच जिंकून दिली. बघायला बाबू नव्हते.

पुढल्या वर्षी कामठीचा एक फॉरवर्ड कलकत्त्याला गेला. दिवाळीला मिठाई घेऊन घरी आला. "वकीलभाऊ, आमचे छत्रीवाले बाबू तुमची लय याद करतात. विचारून राहिले होते, उस नागपुरवाले का घुटना ठीक हुआ क्या?"

वकिलानं मिठाईचा पुडा न उघडताच बाजूला सरकवला. "सांग त्याइले," म्हणाला, "ठीक झाला." पण वय तिशीला टेकलं होतं, बोलावणं पुन्हा आलं नाही. त्या दिवशीचा चहा त्यानं कप न बदलता प्यायला. मला रडू आवरेना. त्याचा राग आला, जबलपूरचा आला, आणि त्या मेल्या पट्टीचा तर सगळ्यात जास्त. ती मी चुलीत घातली.

वाटलं, आता तरी सुधारेल. कसला सुधारतोय! जित्याची खोड ती. आठवड्यात कपांची अदलाबदल पुन्हा सुरू.

पुढं बरीच वर्षं गेली. एकोणीसशे ऐंशी साल उलटलं आणि तोच उजवा गुडघा खरोखरच गेला. मी बळेबळे त्याला धंतोलीत डॉक्टरांकडं नेलं. रिक्षातून उतरताना सगळा भार माझ्या खांद्यावर. पण खोलीचं दार उघडलं आणि वकील ताठ झाला. "कुठं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "कुठीच नाही. बहिणीनं आणलं म्हणून आलो." डॉक्टर म्हणजे सुरी घेऊन टपलेलाच, असं त्याचं ठाम मत. मी सगळं सांगितलं, अगदी भांडले. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, तर हा नवरदेवासारखा चालला. "बाई, चांगले चालतायत की," म्हणून डॉक्टर हसले.

फाटकाबाहेर येईपर्यंत तो तसाच ताठ होता. मग माझा खांदा गच्च धरला. कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. मान न वळवता म्हणाला, "पाहून राहिला का वं?"

मी मागं वळून बघितलं. फाटकात कुणी नव्हतं, खिडकीतही नव्हतं.

"कोणीच नाही पाहून राहिलं भाऊ," मी म्हटलं. "लंगड आता."