उलट्या वकिलांचा अर्धा लेख

सोलापुरातल्या एका दैनिकाच्या संपादकानं आमच्या वकीलसाहेबांना फसवलं. त्यांच्याकडून लेख मागून घेतला, अर्धा छापला, अर्धा गिळला, आणि त्या अर्ध्या लेखाच्या जोरावर किल्ल्याजवळच्या रस्त्यावरची आमची टपऱ्यांची रांग उठवली. वकीलसाहेब आता नाहीत. संपादक आहे. यंदा त्याचा नागरी सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. 'निर्भीड लेखणी' हे शब्द तिसऱ्या वक्त्यानंही काढले तेव्हा मी उठून बाहेर आलो. तिथं ओरडलो असतो तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणून लिहितो आहे.

वकीलसाहेबांना सगळे 'उलटे वकील' म्हणायचे. कोर्टात उभे राहिले की ते आधी समोरच्या पक्षाची बाजू मांडायचे. तीही अशी, की समोरच्या वकिलाला वाटावं, हे आपल्याला कसं सुचलं नाही! मग चष्मा पुसून म्हणायचे, "आता यात खोट कुठं आहे ते पाहू," आणि खिळे उपटावेत तसं एकेक कलम उपटायचे. पण तेवढा धीर पक्षकाराला कुठला? कुर्डुवाडीचा एक रेल्वेतला माणूस, भावाशी जागेचा तंटा. साहेबांनी भावाची बाजू इतकी झकास मांडली की हा मध्येच उठला. "सायेब, तुमी माझे वकील हाय का त्याचे?" म्हणाला आणि कागद काखेत मारून चालता झाला. असं चार-दोनदा झाल्यावर साहेब कोर्टात कमी आणि अंबय्याच्या हॉटेलातल्या बाकावर जास्त दिसू लागले.

त्या हॉटेलासमोर माझी चादरींची टपरी होती. मी करमाळ्याकडचा. आलो तेव्हा खांद्यावर चादरींचा गठ्ठा टाकून गल्लोगल्ली ओरडत फिरलो, आणि बोलून बोलून टपरीपर्यंत पोचलो. एके दिवशी एका गिऱ्हाइकाला मी म्हणत होतो, "ही राहू द्या. ही साधी माणसं नेतात. तुमच्यासारख्या जाणकाराला काय सांगायचं?" गिऱ्हाइकानं मुकाट्यानं महागाची चादर घेतली. बाकावरून मोठ्यानं हसणं आलं. साहेबांनी वर्तमानपत्र माझ्यापुढं धरलं. "बघ, संपादकानं आज हेच केलंय. 'सुज्ञ सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही.' म्हणजे ज्याला पटणार नाही तो अडाणी. तू चादर विकलीस, यानं महापौर विकला." मला राग आला. म्हटलं, "साहेब, माझी चादर धुतली तरी रंग सोडत नाही." ते आणखीच हसले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. आमची दोस्ती अशी भांडणातून सुरू झाली.

ते दिवसच तसे होते. महापालिकेत कोण कुणाच्या गटात आहे हे सकाळी एक असायचं, संध्याकाळी दुसरं. महापौराच्या निवडणुकीआधी काही नगरसेवक गावातून नाहीसे व्हायचे आणि मतदानाच्या दिवशी दाढी करून, नवे कपडे घालून एकाच मोटारीतून उतरायचे. नळाला पाणी नाही, मिलचा भोंगा कधी वाजेल आणि कधी कायमचा बंद पडेल याचा भरवसा नाही. आणि या सगळ्यावर संपादकाचं सदर रोज पहिल्या पानावर. सगळं शहर ते वाचून मत बनवायचं. आमच्या रांगेत मात्र वकीलसाहेब ते मोठ्यानं वाचायचे आणि मग उसवायचे.

उसवायची त्यांची रीत न्यारी. 'शहरात सर्वत्र बोलले जात आहे' असं वाक्य आलं की ते थांबायचे, आणि गल्ल्यावरून अंबय्या कोर्टातल्या शिपायासारखी आरोळी द्यायचा, "साक्षीदार हाजिर हो!" सगळे रस्त्याकडे बघायचे. कुणीच यायचं नाही. एकदा नेमकी एक म्हैस आली. साहेब गंभीरपणे म्हणाले, "घ्या, साक्ष नोंदवून घ्या. संपादकाच्या बाजूनं एवढं तरी कुणी आलं." कुलपं दुरुस्त करणारे मेहबूबभाई शेजारच्या टपरीत कानस टाकून पोट धरून हसत होते.

एकदा साहेबांनी दोन दिवसांचे अंक बाकावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात फुटून विरोधी गटात गेलेल्यांना 'संधिसाधू' म्हटलं होतं. दुसऱ्यात संपादकाच्या मर्जीतले फुटले, तर त्यांनी 'शहराच्या हितासाठी कटू निर्णय' घेतला होता. मी म्हटलं, "एकच माल, गिऱ्हाईक बघून भाव." "अगदी!" साहेब म्हणाले. "आणि हेही बघ. पाणी का नाही असं विचारलं की हा आपल्याला शहराचा उज्ज्वल इतिहास सांगतो. नळ जितका कोरडा, तितका इतिहास लांब." नंतर पाणी तुटलं की बाया घागरी घेऊन हॉटेलावरून जाताना विचारायच्या, "काय वो वकीलसाहेब, आज इतिहास किती आलाय?"

पण एवढी टर उडवूनही संपादकाची बाजू आधी मांडल्याशिवाय त्यांनी त्याला कधी झोडपलं नाही. "तो असं का म्हणत असेल, ते आधी त्याच्याहून चांगलं सांगता आलं पाहिजे. नाहीतर आपण नुसते भुंकतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यावर माझं त्यांच्याशी हमखास वाजायचं. "साहेब, समोरच्या दुकानाची चादर आधी अंगावर पांघरून दाखवता. गिऱ्हाईक तीच घेऊन जातंय की!" ते म्हणायचे, "जाऊ दे. पण जे थांबेल ते आपलं पक्कं." मी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईक थांबत नाही हे मला ठाऊक होतं. आणि संपादकाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. आमची रांग हटवून तिथं पक्के गाळे बांधायची योजना निघाली. सदरात आम्ही एकदम 'शहराच्या चेहऱ्यावरचा डाग' झालो, आणि दोनच ओळींखाली 'आपले कष्टाळू बांधव'. साहेब म्हणाले, "जपून रहा रे. हा ओवाळायला लागलाय, म्हणजे आता मान कापणार." महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार होता. मतं जवळजवळ निम्मी-निम्मी होती. दोघं-तिघं नगरसेवक कुंपणावर बसलेले. त्यांना जिकडं ढकलावं तिकडं आमचं पोट जाणार होतं.

आणि त्याच आठवड्यात संपादक स्कूटरवरून स्वतः हॉटेलात आला. पांढरे कपडे, हातात पानाचा डबा. अंबय्यानं फडक्यानं बाक पुसला. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "माझा पंचनामा इथं रोज होतो असं ऐकतो. बाकावर कशाला? माझ्याच अंकात करा की. टपरीवाल्यांची बाजू लिहून द्या. सभेच्या दिवशी सकाळी छापतो. एका अक्षराला हात लावणार नाही, शब्द देतो." मी साहेबांचा सदरा मागून ओढला. त्यांनी माझा हात झटकला. त्यांना वाटलं, शेवटी एक माणूस वाद घालायला तयार झाला. आयुष्यभर ते अशाच माणसाची वाट बघत होते.

लेख झाला तेव्हा त्यांनी आम्हाला बाकावर बसवून वाचून दाखवला. पहिला भाग नेहमीसारखा उलटा. रस्ता अरुंद आहे. आग लागली तर बंब जाणार नाही. बाया-पोरांना रस्त्याच्या मधून चालावं लागतं. शहर वाढतं आहे, त्याला मोकळा श्वास हवा. मेहबूबभाईंचा चेहरा उतरला. "साब, ये तो हमारी मय्यत पढ रहे तुम." साहेब म्हणाले, "थांबा की जरा." मग दुसरा भाग. बंब अडतो तो टपऱ्यांना नव्हे, एका नगरसेवकाच्या माडीच्या रस्त्यात आलेल्या पायऱ्यांना. आम्ही रोजची जागेची पावती फाडतो, त्या पायऱ्यांची पावती कोण फाडतं? नवे गाळे उठवलेल्यांनाच मिळणार, असं योजनेत कुठंच का लिहिलेलं नाही? वाचून संपलं तेव्हा अंबय्यानं कपबशा आपटून टाळ्या वाजवल्या. मेहबूबभाईंनी साहेबांचा हात डोळ्यांना लावला. मी त्या बाकावर होतो. दुसरा भाग मी या कानांनी ऐकला आहे.

सभेच्या दिवशी अंक आला. वर जाड अक्षरांत 'टपरीवाल्यांच्या वकिलाचीच कबुली'. खाली पहिला भाग, शब्दाला शब्द. 'मोकळा श्वास हवा' इथं पूर्णविराम. पुढं काही नाही. एका अक्षराला हात लावणार नाही म्हणाला होता, आणि खरंच एकही अक्षर बदललं नव्हतं. सभागृहात एका सदस्यानं तो अंक फडकावला. "त्यांचा वकीलच हटवा म्हणतोय, आपण कशाला आडवे येता?" कुंपणावरचे टुणकन पलीकडे गेले. ठराव झाला.

मी तडक छापखान्यात गेलो. "दुसरा भाग कुठाय?" संपादकानं डब्यातलं विड्याचं पान लावत सांगितलं, "जागेअभावी, शेठ. लेख लांब होता." अंकात लेखाच्याच पानावर त्या पायऱ्यावाल्या नगरसेवकाच्या वाढदिवसाची हातभर जाहिरात होती. मी ती त्याच्या नाकापुढं धरली. "ह्याला जागा कुठनं आली बे?" मग माझा हात त्याच्या कॉलरला गेला, आणि दोन कामगारांनी मला उचलून पायरीखाली टाकलं. कागद परत मागितले तर म्हणे हरवले. हाच माणूस आदल्या वर्षी चौकाचौकात भाषणं देत होता, आणीबाणीत सरकारनं आमच्या लेखांना कात्री लावली म्हणून. गळा काढून रडला होता. आम्ही त्याला टाळ्या दिल्या होत्या.

टपऱ्या उठल्या त्या दिवशी मेहबूबभाई सामान हातगाडीवर चढवत होते. साहेब मदतीला वाकले, तर भाईंनी किल्ल्यांची पेटी साहेबांच्या हातातून काढून घेतली. "रहने दो, वकीलसाब. बेच डाले ना तुम हमको." मी ओरडून सांगत होतो की दुसरा भाग होता, आपण सगळ्यांनी ऐकला होता. मेहबूबभाई म्हणाले, "सुना था. पर छपा तो येईच ना." लोक छापलेलं मानतात. ऐकलेलं महिन्याभरात विसरतात. बायांनी साहेबांना इतिहास विचारायचं सोडलं. अंबय्या चहा द्यायचा, पण आरोळी द्यायचा नाही.

साहेबांनी संपादकाला एक शिवी दिली असती तरी माझं डोकं थंड झालं असतं. मी म्हटलं, "साहेब, आपण पत्रक काढू, मी खर्च करतो, त्याला नागडा करू." ते चष्मा काढून पुसायला लागले. "त्याची बाजू अशी आहे बघ," म्हणाले. "छोटं वर्तमानपत्र. कागद महाग. जाहिरात देणारा एकच माणूस, आणि तो पायऱ्यावाला. कामगारांचे पगार त्याच्यावर. अशा वेळी माणूस…" मी चिडून उठलो. पण जाता जाता थांबलो, कारण मला ठाऊक होतं की आता ते 'यात खोट कुठं आहे' म्हणतील. चष्मा पुसून झाला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडे बघत राहिले. दुसरा भाग आलाच नाही.

थोड्याच दिवसांत मुलीनं त्यांना कुर्डुवाडीला नेलं. स्टेशनवर मी एकटाच होतो. जाताना म्हणाले, "तू चादरी चांगल्या विकतोस. पण गिऱ्हाइकाला साधी माणसं म्हणत जाऊ नकोस." ते गेल्याची बातमी पुढच्या पावसाळ्यात आली. या शहराच्या एकाही अंकात ती छापली नाही.

मी नव्या पेठेत दुकान काढलं, वाढवलं. त्या दैनिकाला आजवर एक ओळ जाहिरात दिलेली नाही. एकदा संपादक घरच्या लग्नाच्या आहेरासाठी चादरी घ्यायला आला. वर्षं गेली, विसरला असेल, असं त्याला वाटलं असावं. मी सगळ्यांत भारी चादर काढली, त्याच्यासमोर पसरली, कात्रीनं मधोमध कापली आणि अर्धी घडी करून पुढं ठेवली. म्हटलं, "कापडाअभावी, साहेब." गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान होतं. त्याचा चेहरा बघण्यासाठी मी दहा चादरी कापल्या असत्या. वकीलसाहेबांना हे आवडलं नसतं. नसू दे. ते भले होते, मी नाही.

आमच्या जागेवर गाळे उभे राहिले. उठवलेल्यांपैकी एकालाही मिळाला नाही. कोपऱ्यावरचा मोठा गाळा संपादकाच्या मेहुण्याच्या नावावर आहे, पाटी अजून तिथं आहे, कुणीही जाऊन वाचावी. मेहबूबभाई शेवटपर्यंत दुसऱ्याच्या दुकानात कुलपं घासत राहिले आणि वकीलसाहेबांना दगाबाज समजूनच गेले. मला सगळ्यांत जास्त हेच डाचतं. टपरी मी पुन्हा उभी केली. मेहबूबभाईंच्या मनातला तो माणूस कुणी पुन्हा उभा करणार?

साहेबांच्या रीतीनं संपादकाची बाजू मीही मांडून बघितली. कागद महाग होता, मान्य. पगार द्यायचे होते, मान्य. पण मेहुण्याचा गाळा पगारात बसत नाही, आणि जाड अक्षरांतला तो मथळा जागेअभावी पडलेला नाही. तो कुणीतरी बसून, विचार करून, हातानं लिहिला.

संपादक, तुमचा सत्कार झाला, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. आता उत्तर द्या. तो मथळा तुम्ही लिहिलात का कुणी सांगून लिहवून घेतला? उरलेले कागद तुम्ही फाडलेत का कुणाच्या हवाली केलेत? उत्तर तुमच्याच पहिल्या पानावर, तुमच्या नावानं आलं पाहिजे, आणि वकीलसाहेबांनी टपरीवाल्यांना विकलं नव्हतं हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. मेहबूबभाईंची मुलं याच शहरात राहतात. त्यांना वाचता येतं.