पार्सलवरचा पत्ता

आज दुपारी जे झालं, ते ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना सांगतोय.

माझी धाकटी बहीण कुडाळजवळच्या गावात घरीच फणसपोळी बनवून ऑनलाइन विकते. भावोजी बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ती एकटीच. ऑर्डरींचं मी इथून परळहून बघतो.

आज ऑफिसात डबा उघडला आणि तिचा फोन आला. आवाज एकदम हळू. "दादा, दारात एक माणूस इलोहा. म्हणता, फणसपोळी आवडली म्हणून तुम्हाला भेटायला आलो. तेका माझां नाव म्हायत आसा."

मी डबा बाजूला सारला. तिचं नाव, पत्ता, नंबर, सगळं प्रत्येक पार्सलवर छापलेलं असतं ना!

"कडी लाव आणि फोन स्पीकरवर टाक," मी म्हटलं. मग घरातच असल्यासारखा जोरात ओरडलो, "कोण इलोहा गो? थांब, मी येतंय भायर!"

अख्खं ऑफिस माझ्याकडे बघत राहिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो गेलो."

कदाचित तो साधं गिऱ्हाईकच असेल. कसं कळणार?

मी म्हटलं, बंद करूया का हे? ती चिडलीच. "माझो धंदो मी कित्याक बंद करू?" मग हळूच म्हणाली, "पण आता कुरिअरवालो येतलो. दार उघडूक भीती वाटता रे."

आजच्या पार्सलांवरही तोच पत्ता आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरून असा माल जात असेल, तर तुम्ही पत्ता कुठला टाकता? प्लीज सांगा.