घळीतला लाल रंग

मंडळींनो, सहलीहून आत्ताच परतले. घरीसुद्धा न जाता हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावतेय, कारण मला शिसारी आलीय.

सकाळी इथल्या वाळवंटात, सखीरच्या पुढे, त्या खडकाळ घळीत आपल्या मुलांना चालायला नेलं होतं. एरवी जिना चढताना रडणारी पोरं न कुरकुरता चढत होती. दगडात रुतलेले शिंपले बघून तर वेडीच झाली.

पुढच्या वळणावर अख्खा कातळ लालभडक! "मु. पो. गुहागर." खाली बायकापोरांची नावं. जहाजाला मारतात तो रंग.

सोबत आलेले आपले सावंतभाऊजी जहाजांच्या कंपनीत पेंटर. ते हसत म्हणाले, "वहिनी, गेल्या शुक्रवारी आम्हीच लिहिलं. परक्या मुलखात गावाचं नाव नको राहायला?"

"आणि तुमच्या गुहागरच्या देवळामागे कुणी अरबीत नाव रंगवलं तर?"

तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या मनूने पदर ओढला. "आई, व्हेअर डू आय राइट माइन?"

पुढच्या शुक्रवारी मी थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन तिथे जाणार आहे. कोण कोण येतंय? याच कागदाखाली नाव लिहा. नाव लिहायची हौस तर आपल्याला आहेच.