मी धुतलेला लव्हबर्ड

पक्षी माझ्या हातून मेला. त्याचं खापर मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीवर फुटू दिलं आणि पुढची चौदा वर्षं गप्प बसलो. मी मुळातच कमी बोलतो. घरी, ऑफिसात सगळे म्हणतात, शांत माणूस आहे. शांत माणसाचं एक बरं असतं, तो काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही.

आमच्या मुलुंडच्या घराच्या गॅलरीत लव्हबर्डची जोडी होती. पुस्तकात त्यांना बजरीगर म्हणतात, पण आमच्या बिल्डिंगमध्ये असले सगळे छोटे पोपट लव्हबर्डच. नर हिरवा, मादी निळसर. मुलीनं वाढदिवसाला हट्टानं मागून घेतलेले. दाणापाणी मी बघायचो. दिवेलागणीला पिंजऱ्यावर जुन्या साडीचा पडदा टाकायचा, हे तिचं काम. ते तिनं एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या वर्षी गणपती पहिल्यांदा आमच्याकडे बसणार होता. तोवर तो सांताक्रूझला, मोठ्या भावाकडे असायचा. वहिनी महिनाभर आधी घर बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. "भावजीनू, सगळा बरा आसा, पण पाखरांचो वास येता हां. देव बसतलो थयसर, बघा काय ता."

वास म्हणजे काय, तर धुळकट, किंचित गोडसर, दाण्याच्या पिशवीत नाक घातल्यासारखा. मला तो कधी खटकला नव्हता. वहिनी बोलून गेल्या आणि मला दुसरा कसलाच वास येईना.

मूर्ती आणायच्या आदल्या सकाळी बायको आणि मुलगी मखराचं सामान आणायला घाटकोपरला गेल्या. मी फिनेल घालून गॅलरी धुतली, पिंजरा घासला. आणि एवढं केलंच आहे तर, म्हणून नराला टबात धरून मुलीच्या शाम्पूनं धुतलं. दोनदा. शेपटीजवळ तर चांगलं चोळलं, कारण तिथं हाताला काहीतरी तेलकट लागत होतं. मला वाटलं, वास मारतेय ती घाण हीच. मादी कडकडून चावली, म्हणून ती वाचली.

हेअर ड्रायरनं वाळवल्यावर तो कापसासारखा फुगला. अंगाला स्ट्रॉबेरीचा वास. मी स्वतःवर खूश. पिंजऱ्यात सोडला तर मादी सरकून लांब बसली. तो जवळ गेला तशी तिनं त्याला टोचलं. हाच नर रोज तिच्या चोचीत चोच घालून तिला भरवायचा. त्या दिवशी दांडीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला हा.

"भांडलेत वाटतं," बायको संध्याकाळी म्हणाली.

"होतं असं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. दिवसभर पावसाची झड गॅलरीत येत होती. ती आधीही यायची, पण थेंब त्याच्या अंगावरून घरंगळून जायचे. आता ते आत मुरत होते. मला ते दिसत होतं, पण घरात पंचवीस माणसं जेवायला होती. तिसऱ्या सकाळी मी पडदा वर केला. चारही बाजूंनी नीट सोडलेला पडदा होता तो, मी स्वतः वर केला. नर पिंजऱ्याच्या तळाला पडला होता. ओलसर, गार.

गणपतीत घरात मेल्याचं कुणी बोलत नाही. मी त्याला कागदात गुंडाळून खाली झाडाशी पुरलं आणि सांगितलं, आजारी आहे, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलाय. ही रीत माझ्या फार सोयीची निघाली. विसर्जन झालं तेव्हा मात्र मुलीला खरं सांगावं लागलं.

"कशानं मेला?"

"थंडी लागली त्याला. तू पडदा नीट टाकला होतास ना गं त्या दिवशी?"

एवढंच. आरोप नाही, नुसता प्रश्न. ती डोळे मिटून आठवत उभी राहिली. "टाकला होता. की नाही टाकला, बाबा?" आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, जाऊ दे, विसरतं माणूस कधीतरी. मला सगळ्यांत जास्त लाज त्या जवळ घेण्याची वाटते.

मादी आम्ही खरंच त्या शेजाऱ्यांना देऊन टाकली. मुलगी कुलूप लावल्यावर दोन-दोनदा परत येऊन ते ओढून बघायला लागली. कुणी काही सांभाळायला दिलं की हात मागे. "मला नको, मी विसरते," हे ती स्वतःचं नाव सांगावं तसं सांगायची. प्राणिशास्त्र शिकली आणि अंधेरीला एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं तिचं नाव बोरिवलीच्या पक्षी-उपचार केंद्रात कामासाठी सुचवलं. त्यांनी बोलावलं. ही नाही म्हणायला निघाली.

"फोनवर सांग की."

"तोंडावर सांगते. बरं नाही दिसत."

"पण नाही का म्हणतेस?"

"तासातासाला औषध द्यायचं असतं बाबा. माझ्या हातून एक गेलाय ऑलरेडी."

मी चपला घातल्या.

"तू कुठे? नाही म्हणायला दोन माणसं?"

केंद्रातल्या डॉक्टरबाई फटकळ होत्या. आम्हाला 'बसा' न म्हणताच त्यांचं सुरू झालं. हातात टॉवेल, टॉवेलात पाणकोंबडी. साकीनाक्याला गॅरेजमागच्या काळ्या तेलात पडलेली. गॅरेजवाल्यानं कपड्यांच्या पावडरनं चकाचक धुऊन आणली होती.

"आता हे पाण्यातलं पाखरू पाण्यात टाकलं तर बुडेल," बाई म्हणाल्या. "तेलात पडलेला पक्षी आम्हीपण धुतो. पण मग त्याचं स्वतःचं तेल पिसांवर येईपर्यंत उबेत ठेवतो. हे बघा." त्यांनी शेपटीच्या मुळाशी फुंकर घालून पिसं बाजूला केली. आत छोटासा उंचवटा होता. "इथलं तेल चोचीनं काढतात आणि पिसापिसाला लावतात. रेनकोट म्हणा ना. नुसता रेनकोटही नाही, त्याला वास असतो. पूर्वी लोक म्हणायचे, पक्ष्याला वास कळतच नाही. कळतो. नर कोण, मादी कोण, आपला कोण, हे काही पक्षी त्यावरून ओळखतात."

"लव्हबर्ड पण? म्हणजे बजरीगर?" मी विचारलं.

"हो, त्यांच्या माद्यांना नराचा वास कळतो."

"आणि शाम्पूनं धुतला तर?"

"कशाला धुवाल?" त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून थांबल्या. "मादीला तो परका वाटू शकेल. खात्रीनं नाही सांगता येणार. पण पावसात राहिला तर गारठून जाईल, हे खात्रीनं सांगते."

मुलगी माझ्याकडेच बघत होती.

बाहेरच्या बाकावर मी बोलायला लागलो. सुरुवात वहिनींपासून केली, तशी ती म्हणाली, "काकूचं राहू दे. तू काय केलंस ते सांग."

मग सांगितलं. टब, शाम्पू, दोनदा, ड्रायर. शेवटी पडदा. "तू टाकला होतास. चारही बाजूंनी. सकाळी मीच वर केला."

ती समोरच्या रिक्षांकडे बघत राहिली. "चौदा वर्षं मी गॅसचा नॉब बघायला जिन्यातून परत येते, बाबा."

"माहितेय."

"बघत होतास?"

"हो."

"आणि गप्प."

"हो."

"वर लोक मला सांगतात, तुझा बाबा किती साधा गं." ती हसली नाही. "मी माफबिफ केलं असं समजू नकोस."

"नको करूस."

"आणि आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

ती उठून आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "एक तारखेपासून ये म्हणालेत."

बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन दिवस माझ्यासमोर ताट आपटलं जात होतं. स्वस्तात सुटलो. मुलगी काही आठवडे कामापुरतं बोलायची. मग एका रविवारी वही घेऊन समोर बसली. पाणी किती गरम होतं? चोळलंस किती वेळ? मादीनं लगेच टोचलं की नंतर? दाणा खाल्ला होता का त्यानं? मी एकेक उत्तर दिलं. आठवत नव्हतं तिथं आठवत नाही म्हटलं. तिनं सगळं लिहून घेतलं, आणि उठताना म्हणाली, "चहा टाकतेय. घेणार?"

परवा काही कामानं बोरिवलीला गेलो होतो, म्हणून केंद्रात डोकावलो. ती फोनवर होती. कुणा बाईला पाहुणे येणार म्हणून पोपटाला आंघोळ घालायची होती.

"साबण नको हं काकू, शाम्पू तर अजिबात नको. वाटीत साधं पाणी ठेवा, तो त्याचं बघेल... हो, वास येतोच, तो त्याचा असतो, राहू दे... नाही नाही, पुस्तकातलं नाही सांगत. आमच्याच घरी झालंय. माझ्या बाबांनी धुतला होता."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हे काय, इथेच उभे आहेत. देते फोन, तेच सांगतील."

मी फोन घेतला आणि सांगायला सुरुवात केली.