ब्रेकवाल्या वहिनी

मिस्त्रींच्या गॅरेजात इंजिनाचं काम असलं की गिऱ्हाईक थेट आत जातं आणि ब्रेकचं असलं की दारातच थांबतं. कारण दाराशी, उजेडाच्या बाजूला, ठेंगण्या स्टुलावर वहिनी बसलेल्या असतात. मिस्त्रींची बायको म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मोटरसायकलशी संबंध नवऱ्याच्या शर्टावरचे काळे डाग घासण्यापुरताच होता. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन असायचं. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग एके सकाळी त्यांचा धाकटा भाऊ गाडीसकट एका भिंतीवर जाऊन आदळला. उतारावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला, लिव्हर सरळ मुठीला टेकली आणि गाडी काही थांबेना. खांद्याचं हाड मोडलं, पण जिवावरचं टळलं. दवाखान्यात जमलेले नातेवाईक एकामागून एक म्हणाले, "नशीब म्हणायचं!" मिस्त्रीही तेच म्हणाले.

वहिनी दुपारी गॅरेजात आणून टाकलेल्या त्या गाडीपाशी जाऊन बसल्या. ब्रेकचा रबरी पाइप हँडलजवळ जिथे वळतो, तिथेच फाटला होता. हँडल उजवीकडे वळवलं की तो एका पत्र्याच्या क्लिपला घासत होता. आणि दोनच महिन्यांपूर्वी ही गाडी याच गॅरेजातून धुऊनपुसून, सर्व्हिसिंग होऊन गेली होती.

"नशीब कसलं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पाइप होता."

मिस्त्री दोन दिवस जेवताना मान वर करेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नवा आणि एक जुना पाइप आणून बायकोच्या हातात ठेवला. म्हणाले, "शिवणीवरून बोट फिरवतेस ना, तसं यावरून फिरव. मला घाईत दिसत नाही. तुला दिसेल."

भाऊ बरा झाला, शिलाई मशीन मात्र हळूहळू मागे पडलं. वहिनींची पद्धत तेव्हापासून ठरलेली. आधी हँडल दोन्ही टोकांना वळवून बघायचं, पाइप कुठे ताणतोय, कुठे घासतोय. मग वरपासून खालपर्यंत बोट. भेग, फुगवटा, जोडापाशी ओलसरपणा. हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं असेल, तर ते सगळं बदलायचं. उघडून ठेवलेली बाटली त्या वापरत नाहीत, कारण ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. जोडातला तांब्याचा वॉशरही दर वेळी नवा. "जुना लावणं म्हणजे उष्टं वाढणं," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात गणिताचे सर आले. आता निवृत्त झालेत, पण मिस्त्रींना त्यांनी सातवीत दोनदा बाकावर उभं केलं होतं, त्यामुळे सर दिसले की मिस्त्री आजही हातातला पाना खाली ठेवतात. सरांच्या लेकीला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. लेक डोंगरावरच्या गावात, दोन तासांवर. मिस्त्रींनी इंजिन ऐकलं, चेन आवळली आणि म्हणाले, "तयार आहे सर, बिनधास्त जा."

सर किल्ली फिरवणार, तेवढ्यात वहिनींनी पुढच्या ब्रेकच्या पाइपला हात लावला.

"सर, जरा उतरता का? हा पाइप चिमटीत धरा." आणि त्यांनी लिव्हर आवळली. "काय वाटतंय?"

"फुगतोय थोडासा," सर म्हणाले.

"त्यानं फुगायचंच नसतं. तुमच्या मुठीचा जोर चाकापर्यंत जायला हवा, तो हा मधल्यामधे खातोय."

"मागचा ब्रेक आहे की!"

"आहे ना. पण घाटात नुसत्या मागच्या ब्रेकवर कुठे थांबायचं ते गाडी ठरवेल, तुम्ही नाही."

सरांचा चेहरा उतरला. नातीसाठी घेतलेली झबल्यांची पिशवी हँडलला लटकत होती. "असा किती दिवस टिकेल?"

"ते सांगता आलं असतं, तर जाऊ दिलं असतं तुम्हाला."

"अगं, हळू जातील ते," मिस्त्री पुटपुटले. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाजवली, दोन पावलं पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांसमोर ठाम आवाजात बोलले, "सर, किल्ली इथेच राहू द्या. बसनं जा."

सर पिशवी उचलून तडक निघून गेले. निरोपसुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पाइप मिळाला. वहिनी चाकापाशी बसल्या, मिस्त्री हँडलपाशी उभे राहिले, आणि पाइप बदलताना आत शिरलेली हवा काढायचं काम सुरू झालं. "दाबा. धरून ठेवा. हं, सोडा." पारदर्शक नळीतून बुडबुडे येत राहिले, मग विरळ झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल. लिव्हर दगडासारखी टणक लागली. नंतर वहिनींनी जुना पाइप ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून धडधाकट दिसणारा तो पाइप आतून वीतभर उकलला होता.

मिस्त्रींनी त्या भेगेवरून बोट फिरवलं. "माझ्या हातून गेलाच होता."

"तुमच्या हातून गेला. माझ्या दारातून नाही गेला," वहिनी म्हणाल्या आणि हात पुसायला फडकं त्यांच्याकडे टाकलं. दोघंही हसली.

चौथ्या दिवशी सर परतले. नातीचं नाक कुणासारखं आहे ते आधी सांगून झालं. मग चष्मा लावून त्यांनी चिरलेला पाइप उलटसुलट पाहिला.

"तुला बाकावर उभं केलं होतं ना रे मी?"

"दोनदा, सर."

"ते बरोबरच होतं. पण वहिनींना पैकीच्या पैकी."

तो पाइप सरांनी मागून घेतला आणि सकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या मित्रांना दाखवला. पुढच्या सोमवारी गॅरेजच्या बाकावर चार पांढऱ्या डोक्यांची रांग. वहिनींनी प्रत्येकाला स्वतःच्या गाडीची लिव्हर आवळायला लावली, पाइप चिमटीत धरायला लावला. दोघांचे ठीक निघाले, एकाचा बदलावा लागला. चौथ्यांकडे मोटरसायकलच नव्हती. इतर आले म्हणून तेही सायकल घेऊन आले होते.

"हिला काही पाइप नाही," ते ओशाळून म्हणाले.

"तार आहे ना?" वहिनी म्हणाल्या, स्टूल पुढे ओढलं आणि वरपासून बोट फिरवायला लागल्या. लिव्हरच्या तोंडाशी तारेचे तीन पदर तुटलेले निघाले.